मोड आलेलीं कडधान्यें आणि कच्चा आहार

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत बीजांकुरणाचा धडा असतो आणि घरच्या स्वयंपाकघरांत मटकीची पुरचुंडी बांधलेली असते. परंतु या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, हें फार थोड्या विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येतें. परीक्षेंत 'आदिमूळ' हा शब्द बिनचूक लिहिणारा मुलगा रात्रीं ताटांतील तेंच आदिमूळ बोटानें बाजूस सारतो! अलीकडे मात्र मोडांस एकाएकीं मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. अन्न शिजविलें कीं तें मेलें. मोड आलेला दाणा जिवंत असतो. म्हणून तो कच्चाच खावा, असा उपदेश करणारे लोक जागोजाग भेटतात. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं हा उपदेश मनावर घेऊन डब्यांत पोळीभाजीऐवजीं नुसते कच्चे मोड आणण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या मातांनीं पालकसभेंत आम्हांस विचारिलें कीं, हें चांगलें कीं वाईट? प्रश्न सरळ आहे, पण त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्याजोगें नाहीं. दाण्याच्या पोटांत काय चालतें, हें पाहिल्यावांचून तें देऊंही नये.

म्हणून प्रथम दाण्याकडेच वळूं. रात्रभर भिजविलेला एक टपोरा हरभरा घ्यावा व फडक्यानें पुसून कोरडा करावा. त्याच्या चोंचीजवळ एक बारीक छिद्र असतें. दाणा दोन बोटांत हलकेंच दाबला असतां त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब बाहेर येतो. आतां नखानें टरफल काढावें. आंत दोन जाड दलें दिसतात. हा बाळरोपट्याचा शिधा. तीं दलें अलगद उकललीं म्हणजे त्यांच्या मध्यें, एका कडेस, रोपटें आडवें पडलेलें आढळतें. त्याचें एक टोंक मूळ होणार आणि दुसरें खोड व पानें होणार. यांपैकीं मूळ आधीं बाहेर पडतें. आपण ज्याला मोड म्हणतों, तो कोंभ नव्हे. तें मूळ आहे. खाण्यासाठीं आपण मूळ दिसतांच दाणे उचलतों, म्हणून कोंभाची व आपली गांठ सहसा पडत नाहीं.

यावरून मुलें नेहमीं विचारतात त्या एका शंकेचें निरसन होतें. मुगाला मोड येतात, तर मुगाच्या डाळीला कां येत नाहींत? डाळ करतांना दाणा दुभंगतो, आणि दोन दलांमधलें तें इवलेंसें रोपटें मोडतें अथवा निखळून जातें. राहतो तो नुसता शिधा. जेवणारा घरांतून निघून गेलेला असतो. तुरीची, हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ कितीही भिजवा, ती फुगेल, मऊ होईल, आंबेल, पण तिला मोड येणार नाहीं. मसुरांचेंही तसेंच. सालीसकट अख्ख्या मसुरांना सुंदर मोड येतात. केशरी डाळीला कधींच येत नाहींत.

कोरड्या दाण्यांत पाणी फार थोडें, सुमारें दहावा हिस्सा असतें, आणि त्यामुळें तो महिनोन्महिने निद्रिस्त राहूं शकतो. पाणी आंत शिरलें कीं निद्रा भंगते. विकरें नांवाचीं द्रव्यें कामास लागतात. पिष्टाचा कांहीं भाग फोडून तीं त्याची साखर करितात. मोड आलेल्या दाण्यास किंचित् गोडी येते ती यामुळें. प्रथिनांचेही लहान घटक होऊं लागतात. कडधान्यांत कांहीं शर्करा अशा असतात कीं, त्या आपल्या आंतड्यांत पचत नाहींत. तेथील जंतु त्यांवर ताव मारतात आणि पोटांत वायु धरतो. भिजविण्यानें यांतील कांहीं पाण्यांत उतरतात व मोड येतांना आणखी कांहीं खर्च होतात. वाटाणे-हरभऱ्यांनीं ज्यांचें पोट फुगतें, त्यांस मोड आणून शिजविलेली उसळ तुलनेनें सोसते याचें कारण हेंच. आणखी एक गोष्ट. दाण्यांतील फायटिक आम्ल लोह व जस्त यांस जखडून ठेवितें. मोड येतांना त्याचा कांहीं अंश विघटित होतो आणि तीं खनिजें शरीरास अधिक सुलभ होतात. ज्या घरांत मांसाहार क्वचित् घडतो, तेथील मुलींच्या दृष्टीनें हा लाभ लहान नाहीं.

पाणी, हवा आणि ऊब, या तिन्ही गोष्टी दाण्यास लागतात. याचा पडताळा घरींच घेतां येतो. एका पेल्यांत थोडे मूग भिजवून नंतर ओल्या फडक्यांत ठेवावे. दुसऱ्यांतले पाण्यांत बुडालेलेच राहूं द्यावे. तिसऱ्यांतले भिजवून शीतकपाटांत ठेवावे. चवथ्यांतले उकळून काढून मग फडक्यांत बांधावे. दोन दिवसांनीं काय दिसतें तें वहींत लिहावें. बुडालेल्या मुगांचा वास आम्ही येथें वर्णन करीत नाहीं; तो ज्याचा त्यानें अनुभवावा. मोठ्या मुलांनीं याहून गमतीचा एक प्रयोग करावा. मोड येऊं लागलेले मूटभर हरभरे थर्मासाच्या बाटलींत घालून, तोंडाशीं कापूस बसवून, त्यांतून उष्णतामापक आंत सोडावा. शेजारीं उकळून थंड केलेल्या हरभऱ्यांची तशीच दुसरी बाटली ठेवावी. दुसऱ्या दिवशीं पहिल्या बाटलींतील पारा वर चढलेला दिसेल. दाणे श्वास घेत आहेत आणि त्यांत आपला शिधा जाळीत आहेत, याहून अधिक प्रत्यक्ष पुरावा कोणता हवा? तोलून पाहिलें तर मोड आलेले मूग कोरड्या मुगांच्या दुपटीहून अधिक भरतात खरे, परंतु ही वाढ पाण्याची असते. घन अंश किंचित् घटलेलाच असतो. मोड आणल्यानें अन्न 'वाढतें' असें जें म्हणतात, त्यांत इतकेंच तथ्य आहे.

आतां मोड आणण्याची रीत. ही आमच्यापेक्षां प्रत्येक घरची आजी अधिक चांगली जाणते, तरी वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांसाठीं थोडी विस्तारानें लिहितों. कडधान्य निवडून घ्यावें. खडे, किडके व फुटके दाणे काढून टाकावे, कारण फुटका दाणा उगवत नाहीं, कुजतो मात्र आधीं. किडीपासून रक्षण व्हावें म्हणून पुष्कळ घरीं कडधान्यास एरंडेल चोळून ठेवितात; तें असेल तर कोमट पाण्यानें दोन-तीनदां धुवावें. (पेरणीसाठीं आणलेलें, रंगीत औषध लाविलेलें बियाणें मात्र खाण्यास कधींही घेऊं नये. तें धुवून शुद्ध होत नाहीं. तें विष आहे.) मग दाण्यांच्या तिपटीहून अधिक पाणी घालावें. मूग, मटकी व मसूर आठ-दहा तासांत भिजतात. हरभरे, वाटाणे, वाल यांस दहा-बारा तास द्यावे. तळाशीं कांहीं दाणे खड्यासारखे टणक राहतात, त्यांस गणंग म्हणतात. ते वेंचून काढावे, नाहींतर जेवतांना दांताखालीं आपली ओळख करून देतात. भिजविलेलें पाणी ओतून टाकावें, दाणे ताज्या पाण्यानें धुवावे व रोवळींत अथवा चाळणींत निथळूं द्यावे. नंतर स्वच्छ, उकळून वाळविलेल्या पातळ फडक्यांत सैल पुरचुंडी बांधावी. घट्ट बांधल्यास मधल्या दाण्यांस हवा मिळत नाहीं आणि तेथूनच आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यांत पुरचुंडी सकाळ-संध्याकाळ धुवून पुन्हां निथळावी. मटकीचे मोड दिवसाच्या आंत येतात. हरभऱ्यांस दीड-दोन दिवसही लागतात. थंडींत पुरचुंडी डब्यांत ठेवून डबा चुलीच्या उबेस ठेवावा.

मोड किती लांब असावा, याविषयीं घरोघरीं मतभेद आहेत. आमचें मत असें कीं, दाण्याएवढा मोड झाला कीं थांबावें. त्यापुढें मटकीचे मोड सुतासारखे गुंततात, हरभरा कडवट होऊं लागतो. वालाची गोष्ट निराळी. मोड आलेले वाल कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा सोलावा लागतो, तेव्हां कुठें बिरडें होतें. पांढऱ्या-हिरव्या सोललेल्या डाळिंब्या पातेल्यांत पाहिल्या म्हणजे श्रमांचें चीज झाल्यासारखें वाटतें. हें सोलण्याचें काम सगळ्या घरानें मिळून बसून करावें. एकट्या आईवर तें टाकून नंतर बिरडें कमी पडल्याची तक्रार करणाऱ्या मुलांस आम्ही ओळखतों.

मोडांची कीर्ति मुख्यतः 'क' जीवनसत्त्वावर उभी आहे, आणि ती कीर्ति युद्धांत व दुष्काळांत मिळविलेली आहे. कोरड्या कडधान्यांत हें जीवनसत्त्व जवळजवळ नसतें. मोड येतांना तें दाण्यांत नव्यानें तयार होतें. तें दीर्घकाळ न मिळाल्यास हिरड्या सुजून रक्त वाहतें, सांधे दुखतात, जुन्या जखमा पुन्हां उघडतात, आणि शेवटीं मृत्यु येतो. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कूत या गांवीं तुर्कांनीं ब्रिटिश-हिंदी फौजेस वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरपर्यंत तो चालला. कोंडलेली फौज पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तींत मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला संपला, धान्य तोलून मिळूं लागलें. गोऱ्या शिपायांनीं घोड्यांचें मांस खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं तें पुष्कळ दिवस नाकारिलें, आणि त्यांच्यांत स्कर्व्हीनें थैमान घातलें. त्यानंतर लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारिणींनीं गिनीपिगांवर प्रयोग केले. सुके वाटाणे व मसूर खाणाऱ्या प्राण्यांस रोग टळला नाहीं. तेच दाणे भिजवून मोड आणून दिले असतां टळला. १९१९ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या जीवनसत्त्वाचा हा प्रभाव, तें शुद्ध स्वरूपांत हातीं येण्यास पुढें १९३० च्या आसपासपर्यंत वेळ लागला; म्हणजे उपाय आधीं सांपडला, कारण मागाहून कळलें. १९४० च्या सुमारास हिसार जिल्ह्यांत दुष्काळ पडून स्कर्व्ही पसरली, तेव्हां लोकांस मोड आलेले हरभरे वांटण्यांत आले आणि रोग आटोक्यांत आला. हरभरे सांठवून ठेवितां येतात, उंटावरून नेतां येतात, आणि पाणी शिंपडल्यावर तीन दिवसांत ताजी भाजी होतात. दुष्काळांत याहून सोईची वस्तु कोणती?

मात्र मोड ताजे असले पाहिजेत. सुप्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक १७६८ सालीं निघाले तेव्हां त्यांनीं जहाजावर मोड आणून वाळविलेलें जव बरोबर घेतलें होतें, आणि त्याच्या काढ्याची त्यांनीं पुढें वाखाणणीही केली. वस्तुतः भट्टींत वाळवितांना 'क' जीवनसत्त्व नष्टप्राय झालेलें होतें. खलाशी वांचले ते बंदरोबंदरीं मिळणाऱ्या ताज्या भाज्यांनीं. आपल्याकडे तान्ह्या मुलांस नाचणीचें सत्त्व देतात, तें मोड आणून, वाळवून, दळूनच करितात. तें उत्तम अन्न आहे, पण वेगळ्या कारणानें: त्यांतील पिष्ट सहज पचतें व लापशी फार घट्ट होत नाहीं. त्यापासून 'क' जीवनसत्त्वाची अपेक्षा धरूं नये.

इतकें गुणवर्णन झाल्यावर कच्च्या आहाराचा पुरस्कर्ता म्हणेल, 'मग शिजवितां कशास?' त्याच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. शिजविण्यानें 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहींसा होतो, ही गोष्ट निर्विवाद. पण हिशेब पुरता करावा. शंभर ग्रॅम लांब मोडांच्या मुगांत हें जीवनसत्त्व सुमारें १३ मिलिग्रॅम असतें. तितक्याच वजनाच्या पेरूंत तें दोनशें मिलिग्रॅमच्या आसपास असतें आणि आंवळ्यांत त्याहूनही अधिक. उसळ शिजवून वर लिंबू पिळलें, किंवा मधल्या सुटींत एक पेरू खाल्ला, तर तोटा भरून निघतोच, वर शिल्लक उरते. तीच गोष्ट प्रथिनांची. कोरड्या मुगांत शंभर ग्रॅममागें सुमारें २४ ग्रॅम प्रथिनें असतात. बोटभर लांब मोडांच्या पांढऱ्या मुगांत, पाणीच फार झाल्यामुळें, अवघीं तीन. आपले आंखूड मोड या दोहोंच्या मध्यें बसतात. वाटीभर मोडांनीं पोट भरल्यासारखें वाटतें, पण त्यांतून मिळणारें इंधन एका चांगल्या ज्वारीच्या भाकरीहून कमीच असतें. वाढत्या वयाच्या, दुपारीं मैदानावर धांवणाऱ्या मुलास दिवसाला दोन हजारांहून अधिक उष्मांक लागतात; ते नुसत्या मोडांतून मिळवावयाचे म्हटल्यास त्यास दिवसभर चावीतच बसावें लागेल! शिवाय कडधान्यांच्या प्रथिनांत जें उणें, तें ज्वारी-बाजरी-तांदळांत असतें, आणि त्यांच्यांत जें उणें तें कडधान्यांत. भाकरी व उसळ हा जोड ज्या कोणीं प्रथम लाविला, त्यास रसायनशास्त्र येत नव्हतें, पण त्याची निवड शास्त्रास पटणारी आहे.

कच्च्या आहाराचा आपल्या देशांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग महात्मा गांधींनीं केला. १९२९ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं अग्नीचा स्पर्श न झालेलें अन्न घेण्यास आरंभ केला: मोड आणलेले गहूं व हरभरे, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध. चुलीच्या कष्टांतून स्त्रियांची सुटका व्हावी आणि गरिबाचा खर्च वांचावा, हा त्यांतील एक हेतु होता, आणि तो हेतु आजही आदरणीय आहे. आपले अनुभव ते 'यंग इंडिया' पत्रांत लिहीत गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टांत त्यांस आमांशाचा विकार जडला, प्रयोग थांबवावा लागला आणि ते पुन्हां शेळीच्या दुधाकडे वळले. हेंही त्यांनीं उघडपणें छापिलें. ज्या पुरुषाचा संयम जगप्रसिद्ध, त्याच्याही आंतड्यांनीं संयमास दाद दिली नाहीं. मुलांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें, कारण कच्च्या आहाराच्या पुरस्कर्त्यांच्या तोंडीं या प्रयोगाचा पूर्वार्ध असतो, उत्तरार्ध नसतो.

आणि सर्वच कडधान्यें कच्चीं खाण्याजोगीं नाहींत. मूग, मटकी, मसूर व हरभरे यांचे मोड निरोगी मोठ्या माणसानें थोड्या प्रमाणांत कच्चे खाल्ले तर सहसा बाधत नाहींत. तालमींतले पहिलवान भिजविलेले हरभरे खातात ते उगीच नव्हे. परंतु वाल व पावटा हे शिजवूनच खावे. राजम्याविषयीं तर आम्ही कठोरपणें सांगतों. त्यांत एक विषारी प्रथिन असतें. चार-पांच कच्चे दाणेही कांहीं तासांत ओकाऱ्या व जुलाब सुरू करूं शकतात. मोड आणल्यानें त्या विषाचें पुरतें निवारण होत नाहीं. राजमा निदान पांच तास भिजवावा, तें पाणी फेंकून द्यावें आणि नव्या पाण्यांत खळखळून दहा मिनिटें उकळल्यावर पुढें मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आंचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधक ठरूं शकतो. मोड आणलेल्या दाण्यांच्या मिश्र पुड्या हल्लीं दुकानांत मिळतात. त्यांत राजमा किंवा वाल असल्यास पुडी तशीच तोंडांत टाकूं नये.

दुसरी भीति डोळ्यांस न दिसणारी आहे. ओल, ऊब आणि फोडलेली साखर ही मेजवानी आपण मुगासाठीं मांडतों, पण तिला जंतूही येतात, आणि ते निमंत्रणाची वाट पाहत नाहींत. दाण्याच्या सालीच्या भेगेंत शेतांतील शेणखतांतून आलेला एखादा जंतु असला, तर दोन दिवसांत त्याचे लक्षावधि होतात. धुण्यानें ते सगळे जात नाहींत, आणि मोड दिसायला स्वच्छ व ताजेच दिसतात. १९९६ सालीं जपानमधील साकाई शहरांत शाळेच्या भोजनांतून सात हजारांहून अधिक जण आजारी पडले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलें होतीं. मुळ्याच्या कोंवळ्या मोडांवर संशय आला. २०११ सालीं जर्मनींत जी सांथ उद्भवली तिचें मूळ मेथीच्या मोडांत सांपडलें. सुमारें चार हजार लोक आजारी झाले आणि पन्नासांहून अधिक दगावले. हे देश अस्वच्छतेसाठीं प्रसिद्ध नाहींत. म्हणून लहान मुलें, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसें यांस कच्चे मोड देऊंच नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. शाळेच्या डब्यांत तर मुळींच नकोत. सकाळीं सातास भरलेला ओला डबा दुपारीं बारापर्यंत उबेंत राहतो, आणि जंतूंस याहून चांगलें वसतिगृह मिळणें कठीण.

मग पालकांनीं करावें काय? मोड अवश्य आणावे; आठवड्यांतून तीन-चारदां आणावे. त्यांना चांगली वाफ आणावी. मुगास व मटकीस त्यासाठीं पांच-सात मिनिटें पुष्कळ होतात, आणि ते चुरचुरीतही राहतात. वर लिंबू, कोथिंबीर, ओलें खोबरें घालावें. ज्यांस कोशिंबिरीची आवड आहे त्यांनीं वाफविलेले मूग निववून काकडी-टोमॅटोंत मिसळावे. चव कच्च्याहून फारशी निराळी लागत नाहीं. उसळीसाठीं ते भांड्यावर झांकण ठेवून, थोड्या पाण्यांत शिजवावे आणि तें पाणी फेंकूं नये. मटकीचा कट सांडणारा स्वयंपाकी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं, ही समाधानाची गोष्ट. उरलेले मोड शीतकपाटांत दोन दिवस ठेवावे. बुळबुळीत झाले, वास आला, कीं हळहळ न करितां खतांत टाकावे.

एक मूठ मोड मात्र खाण्यांतून वगळून मुलांच्या स्वाधीन करावे. जुन्या डब्यास तळाशीं भोंकें पाडून त्यांत माती भरावी. एका बाजूस चवळीचे व दुसऱ्या बाजूस हरभऱ्याचे मोड बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. आठवडा-दीड आठवड्यांत चवळी आपलीं दोन्ही दलें डोक्यावर घेऊन मातीबाहेर येईल. हरभऱ्याचा नुसता कोंभ वर येईल आणि दलें खालीं मातींतच राहतील. हा भेद कां, याचा विचार मुलांनीं आधीं स्वतः करावा; मग वाटाणा, तूर, वाल व मूग यांपैकीं कोण कोणत्या पंथाचा, तें पेरून पाहावें आणि तारखांसकट वहींत मांडावें. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां त्या वह्या आम्ही पाहूं.